एक लिंक बंद केली की दुसरी उघडते

'नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते आणि त्याच वर्गाची वर्गशिक्षिकाही आहे. आमच्याकडे प्रत्येक मुलाकडे शाळेचा लॅपटॉप असतो. खेळांच्या साइट शाळेच्या नेटवर बंद आहेत, तरी मुलं तासाला सर्रास गेम खेळतात. "अनब्लॉक्ड" म्हणतात त्यांना. एक साइट बंद केली की दुसऱ्या दिवशी दुसरी हजर. मागच्या आठवड्यात कळलं की वर्गात एक सामायिक फाइल फिरते आहे. नाव "विज्ञान प्रकल्प – संदर्भ" आणि आत पन्नासेक गेमच्या लिंका! ती फाइल सांभाळणारा मुलगा वर्गातला सगळ्यात हुशार. त्याचे मार्क तसूभरही कमी झालेले नाहीत, त्यामुळे त्याला बोलायचं तरी काय, हेच सुचत नाही. माझे एक सहकारी म्हणतात, काम आटपून खेळत असेल तर खेळू दे, कुणाचं काय जातंय? मुख्याध्यापक म्हणतात, फिल्टर आणखी कडक करू. पालकसभेत काही जणांनी लॅपटॉपच परत घ्या म्हणून आवाज चढवला आणि एक आई "माझ्या मुलाला व्यसन लागलंय" म्हणत सगळ्यांसमोर रडली. मी शिकवायचं सोडून पहारा देते आहे. जाता जाता आणखी एक. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने जागा बदलून मागितली. कारण विचारलं तर "असंच" म्हणाली. मुलाचं नाव मुख्याध्यापकांना सांगू का? लॅपटॉप बंद करावेत का? नक्की काय करू?
– एक वर्गशिक्षिका'

नमस्कार मॅडम,

तुम्ही 'जाता जाता' म्हणून जे लिहिलंत, ते मला सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाटलं. शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या बाकावर जाऊन बसा. पुढच्या बाकावर एक लॅपटॉप उघडा ठेवा, त्यावर धावणारं, उड्या मारणारं काहीतरी लावा आणि मग फळ्यावरचं वाचून पाहा. ती स्क्रीन बरोबर फळ्याच्या खाली, नजरेच्या टप्प्यात येते. तुम्ही कितीही ठरवलंत तरी नजर तिकडे घसरत राहते. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. काही हललं की डोळे तिकडे जाणारच. त्या मुलीला पुढच्याचं नाव घ्यायचं नाही, कारण तिला याच वर्गात दिवस काढायचे आहेत. म्हणून 'असंच'.

तुमच्या सहकाऱ्यांच्या 'कुणाचं काय जातंय'चं उत्तर त्या बाकावर आहे. फारिया साना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा या कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेले दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात काही जणांना व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर मधूनमधून भलतीच कामं करायला लावली. नंतरच्या चाचणीत त्यांचे गुण ११ टक्क्यांनी कमी आले, त्यात नवल नाही. दुसऱ्यात कागद-पेन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या नजरेसमोर असे लॅपटॉपवाले मुद्दाम बसवले. ज्यांना त्या स्क्रीन दिसत होत्या त्यांचे गुण, ज्यांना दिसत नव्हत्या त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. या मुलांनी स्वतः काहीच केलं नव्हतं, फक्त चुकीच्या जागी बसली होती. प्रयोग वेगळे, त्यामुळे ११ आणि १७ शेजारी ठेवून 'खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याचं जास्त नुकसान' असा निष्कर्ष कुणी काढू नये, आणि ती आठवीतली मुलंही नव्हती. पण शाळकरी मुलांचं चित्र फार वेगळं नाही. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. तिच्या २०२२ च्या फेरीत, ती घेणाऱ्या ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांच्या सरासरीत, ५९ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना दुसऱ्याच्या लॅपटॉप-मोबाइलसारख्या यंत्रामुळे आपलं लक्ष उडतं. अशा मुलांचे गणिताचे गुण पिसाच्या मोजपट्टीवर इतरांपेक्षा १५ने कमी होते.

तेव्हा त्या हुशार मुलाला काय बोलायचं हा प्रश्न तितकासा अवघड नाही. त्याचे मार्क कमी झाले नाहीत, मान्य. त्याच्या मागे बसणाऱ्यांचे किती गेले, हे त्याच्या प्रगतिपुस्तकात कसं दिसेल? शिवाय 'हुशार मुलं दोन्ही सांभाळतात' ही समजूतही तपासून झालेली आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वर्गात लॅपटॉप आणणाऱ्यांचा नेटचा वापर खरोखर मोजला गेला. अभ्यासाबाहेरचं जितकं जास्त बघितलं तितके परीक्षेतले गुण कमी, आणि बुद्धिमत्ता, विषयाची आवड, शिकायची इच्छा हे सगळं हिशेबात धरूनही ते तसंच राहिलं.

आता फिल्टर. मुख्याध्यापकांना तो कडक करायचा असेल तर करू द्या, पण त्यातून किती हाती लागेल हे आधी माहीत असलेलं बरं. फिल्टर बहुतेक ठिकाणी पत्त्यांच्या याद्यांवर चालतो. अमुक साइट खेळांची, म्हणून बंद. मग कुणीतरी तोच गेम उचलून अशा ठिकाणी नेऊन ठेवतं, जे बंद करणं शाळेला परवडत नाही. गूगल साइट्स हे त्यातलं नेहमीचं ठिकाण. तिथेच एखादी शिक्षिका आपल्या टिपणांचं पान बनवते आणि तिथेच कुणी शंभर गेम मांडून बसतं. गिटहब पेजेस हे दुसरं. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं आपले प्रकल्प तिथे ठेवतात. आज बहुतेक सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे वाटेत बसलेल्या साध्या फिल्टरला साइटचं नाव तेवढं कळतं. आत कुठलं पान उघडलंय ते कळत नाही. ते कळायला हवं तर प्रत्येक लॅपटॉपवर शाळेचं डिजिटल प्रमाणपत्र बसवून येणारं-जाणारं सगळं उघडून तपासावं लागतं, किंवा ब्राउझरमध्येच पहारा बसवावा लागतो. ते जमत नसेल तर शिक्षिकेच्या टिपणांसकट सगळी साइट बंद करा, नाही तर गेम सहन करा.

त्यात पत्ते फुकट आणि चुटकीसरशी मिळतात. आकडे सरकवायचा '२०४८' हा गेम तुमच्या त्या फाइलमध्ये नक्की असेल. गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने तो मार्च २०१४ मध्ये काढला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला वाटेल त्याने नक्कल करावी आणि आपल्या पत्त्यावर टाकावी. लोकांनी टाकलीही. २०२० च्या अखेरीस अ‍ॅडोबीने ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरला निरोप दिला तेव्हा वाटलं होतं की ब्राउझरमधल्या खेळांचा बाजार उठला. कसला उठतोय! नवे गेम ब्राउझरला थेट समजणाऱ्या एचटीएमएल५वर आले आणि जुने रफलसारख्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर पुन्हा धावायला लागले. काही तर एकाच छोट्या फाइलमध्ये मावतात, पेन ड्राइव्हवरून उघडले की नेटही लागत नाही. वैतागून तुम्ही नेटच तोडलंत तर क्रोम ब्राउझरमधला डायनोसॉरचा गेम २०१४ पासून नेट जाण्याचीच वाट बघत बसलाय. (शाळेच्या ताब्यातल्या लॅपटॉपवर तो बंद ठेवता येतो. लॅबवाल्यांना सांगा.)

फिल्टर नको असं मी म्हणत नाही. त्याची ताकद दुसरीकडे खर्च करा एवढंच. त्या पन्नास लिंकांमध्ये 'प्रॉक्सी' नावाचं काही आहे का, ते आजच बघा. प्रॉक्सीतून साइट उघडली की मूल जे काही टाइप करतं ते कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून जातं. त्यातून शाळेच्या खात्यात लॉगिन केलं तर पासवर्डही त्याच वाटेने जातो. खेळांच्या या पानांवर खोटी डाउनलोडची बटणं असतात, 'नोटिफिकेशनला परवानगी द्या' म्हणून मागे लागणाऱ्या खिडक्या असतात, आणि मोठ्यांच्या जाहिराती तर असतातच. कडक व्हायचं असेल तर शाळेने इथे व्हावं. साप मारायच्या किंवा गाडी पळवायच्या गेममागे धावत बसलात तर वर्ष त्यातच जाईल.

तुमच्या पहाऱ्याबद्दलही तेच. तुम्ही फेरी मारायला निघालात की तुम्हाला सगळीकडे अभ्यासच दिसत असणार. कारण यातल्या बऱ्याच साइटवर वेषांतराची सोय तयार मिळते. टॅबचं नाव आणि चिन्ह बदलून ते हुबेहूब गूगल क्लासरूमसारखं करता येतं, आणि एक 'पॅनिक' कळ ठरवून ठेवता येते. ती दाबली की गेम गायब आणि समोर अभ्यासाचं पान. स्क्रीन बघून काही हाती लागणार नाही, हात बघा. लिहिणाऱ्या मुलाची बोटं कीबोर्डभर फिरतात, मधेच थांबतात, खोडतात, पुन्हा चालू होतात. खेळणाऱ्याचा डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या चार कळांवर किंवा उजवा हात बाणांच्या कळांवर डकवल्यासारखा असतो. मान हलत नाही, फक्त डोळे वर उचलून तुम्ही कुठे पोचलात ते पाहिलं जातं, आणि दोन बाकांवर आलात की एकच बोट झटकन कोपऱ्यातल्या कळेवर जातं.

हे सांगितलं ते चोर पकडायला नव्हे. पुढचा एक आठवडा कुणालाही काहीही बोलू नका. वहीत फक्त वेळ लिहा. तास सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला हात असे डकवले जातात आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होतात, एवढंच. नाव लिहायचं नाही.

माझा अंदाज असा, की तुमच्या नोंदी तीन-चार ठिकाणीच गोळा होतील. हजेरी चालू असताना, कारण लॅपटॉप उघडून झालेत आणि काम अजून मिळालेलं नाही. तुम्ही फळ्यावर बराच वेळ समजावत असताना, कारण लॅपटॉप उघडा आहे पण त्याचं या घडीला काहीच काम नाही. लवकर आटपलेल्यांच्या बाबतीत तर हमखास. आणि घंटा व्हायच्या आधीची पाच मिनिटं. हे गेम मुळात अशा फटींसाठीच बेतलेले असतात. एक डाव अर्ध्या-एक मिनिटाचा, हरलात तर एक कळ दाबली की पुन्हा सुरू, आणि 'आता बास' असं वाटावं असा टप्पा कुठे येतच नाही. तुम्ही मात्र शिकवायला लागता तेव्हा डाव अर्ध्यावर असतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं होतं की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामाला मन पूर्ण मिळत नाही. तिने हे मोठ्यांच्या कामाबद्दल अभ्यासलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं, हातातला डाव टाकून अणुरचनेकडे वळताना काय होत असेल, त्याला वेगळा पुरावा कशाला हवा?

तेव्हा फटी बुजवा. माझ्या मते वर्गात एकच नियम पुरे: लॅपटॉप मिटलेला असणं हे नेहमीचं, आणि उघडणं हे कामापुरतं. आज उलटं आहे. तास सुरू झाला की सगळे उघडतात आणि ओरडल्यावर मिटतात. 'आता उघडा, हे एवढं करायचंय, दहा मिनिटं' आणि दहा मिनिटांनी 'मिटा'. पूर्ण मिटा, अर्धवट कलता नव्हे, कारण अर्धवट मिटलेल्या लॅपटॉपच्या फटीतून काय काय दिसतं ते कुठलंही मूल तुम्हाला सांगेल. पहिले काही दिवस कटकट होईल, लॅपटॉप जागा व्हायला वेळ लागतो, पासवर्ड विसरल्याच्या तक्रारी येतील. रेटून न्या. आणि या नियमात फळ्याजवळचा तुमचा लॅपटॉप आणि तुमचा मोबाइलही धरा. वर्गशिक्षिका मुलांना काम देऊन मेसेज बघत बसली की मुलांना नियमाची किंमत बरोबर कळते.

लवकर आटपणाऱ्यांसाठी काहीतरी हाताशी हवंच. पण 'काम झालं की गेम' हे बक्षीस ठेवू नका, सहकारी काहीही म्हणोत. गेमचं बक्षीस असलं की काम उरकलं जातं, होत नाही. आठवीतलं मूल पाच ओळींचं उत्तर दोन ओळींत बसवायला काय हिकमती करतं ते तुम्ही जाणता. त्यापेक्षा एखादा खरोखर डोकं खाणारा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, किंवा छापील पुस्तक वाचू द्या. आणि कधी नुसतं बसून खिडकीबाहेर पाहिलं तरी चालेल. कंटाळा आला म्हणून कुणी आजारी पडत नाही, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलामुळे मागच्या मुलीला फळा दिसायचा थांबत नाही.

बसण्याची मांडणी बदलता आली तर फार फरक पडेल. लॅपटॉपचं काम असेल तेव्हा तुम्ही वर्गाच्या मागे उभ्या राहून बोला. सगळ्या स्क्रीन तुमच्याकडे, आणि वेषांतराची कळ दाबायची तर तुम्ही कुठे आहात हे आधी मागे वळून पाहावं लागतं. जोडीत काम देता येत असेल तर दोघांत एकच लॅपटॉप उघडायला सांगा. एका कीबोर्डवर दोघांनी काम करायचं म्हटलं की गेमला जागा उरत नाही. सगळ्यांच्या स्क्रीन तुमच्या एका स्क्रीनवर दाखवणारी सॉफ्टवेअर मिळतात, मुख्याध्यापक कदाचित ती सुचवतील. मला ती फारशी आवडत नाहीत. तीस चौकोन बघत बसलेल्या शिक्षिकेला समोरची तीस तोंडं दिसत नाहीत. प्रश्नपेढी सोडवायच्या दिवशी वापरा, रोज नको.

एक अपवाद मात्र सांभाळा. ज्या मुलाला हाताने लिहिणं खरोखर जड जातं, वाचनाची किंवा नजरेची अडचण आहे, त्याचा लॅपटॉप ही त्याची गरज आहे. त्याला 'मिटा' म्हणायचं नाही. त्याला मागून फळा दिसत असेल तर मागच्या ओळीत बसवलं की इतरांच्या नजरेचा प्रश्नही मिटतो. आणि त्या मुलीला पहिल्या ओळीत जागा द्या, काही न विचारता.

लॅपटॉपच परत घ्यावेत का? पालकांच्या रागाला अगदीच आधार नाही असं नाही. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या वर्गांची विभागणी करून पाहिली होती. काही वर्गांत लॅपटॉप खुले, काहींत बंद, आणि काहींत फक्त टॅबलेट, तोही बाकावर आडवा, शिक्षकाला दिसेल असा. २०१७ साली निकाल छापून आले. जिथे यंत्रं होती तिथले परीक्षेचे गुण कमी, आणि आडव्या टॅबलेटवाल्यांचंही जवळपास तसंच. शिस्तीच्या बाबतीत याहून कडक विद्यार्थी कुठे मिळणार? पण दुसरी बाजू त्याच पिसाच्या अहवालात आहे. शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत यंत्र वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ने जास्त होते. यावरून 'यंत्रामुळे गुण वाढले' असं म्हणता येत नाही, कारण कुठली शाळा यंत्रं पुरवू शकते आणि कुठली नाही, हेही त्यात मिसळलेलं असू शकतं. तरी 'दिवसभर उघडा' आणि 'कपाटात बंद' यांच्या मधे बरीच जागा आहे, एवढं पालकांना सांगता येईल. हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं, असं २०१४ च्या एका गाजलेल्या संशोधनाच्या नावाने सभेत कुणीतरी सांगेलच. तो प्रयोग नंतर इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही. तुमचा मुद्दा त्यावर टेकवू नका. बाकावरून दिसणाऱ्या स्क्रीनचा मुद्दा पुरेसा भक्कम आहे.

विज्ञानाच्या तासाला तर लॅपटॉप कधी हवा हे तुम्हीच ठरवू शकता. प्रयोगाच्या नोंदींचा आलेख काढायचाय, पेशीविभाजन हळू करून बघायचंय, तेव्हा उघडा. व्याख्या उतरवून घ्यायच्या असतील तर वही आहे.

आता तो मुलगा. मुख्याध्यापकांकडे आज नाव नेऊ नका. आधी तुम्ही बोला, एकट्याशी, आणि दारात उभं करून नव्हे. त्याच्या हुशारीचं कौतुक करत सुरुवात करायचा मोह होईल, तो टाळा. 'एवढी हुशारी चांगल्या कामाला लाव' हे वाक्य त्याने आजवर किती जणांकडून ऐकलं असेल, त्यालाच ठाऊक. हल्ली अशा मुलाला थेट 'तंत्रमित्र' वगैरे नेमून शाळेच्या बाजूला वळवायची टूम निघाली आहे. तेही नको. कालपर्यंत लिंका वाटणारा आज फिल्टरवाल्यांचा मदतनीस झाला, की वर्ग त्याला खबऱ्या म्हणणार, आणि वर्गाचं फार चुकणारही नाही.

त्याला त्या मुलीच्या बाकावर बसवा. तिचं नाव न घेता. समोर गेम चालू ठेवा आणि फळ्यावर पाच ओळी लिहून त्या वाचायला लावा. भाषणापेक्षा हे लवकर पोचेल. मग प्रॉक्सीचं सांगा, सविस्तर सांगा, कारण ते त्याला समजेल आणि कदाचित त्याच्याही ध्यानात आलं नसेल की आपण वर्गमित्रांचे पासवर्ड कुणाच्या हाती देतोय. त्यानंतर सरळ मागणी: ती फाइल आज काढून टाकायची, आणि प्रॉक्सीतून ज्यांनी लॉगिन केलं त्यांना पासवर्ड बदलायला त्यानेच सांगायचं. शिक्षाही द्या. हुशार मुलाला शिक्षेतून सूट मिळते हे वर्गाने बघितलं, तर पुढची फाइल दुसरा हुशार मुलगा काढेल. शिक्षा लहान आणि मुदतीची असू दे, समजा पंधरा दिवस लॅपटॉप फक्त तुमच्यासमोर. लिंका काढून टाकल्यावर त्या कुणाकुणाकडे पोचल्या याची यादी मात्र त्याच्याकडून मागू नका.

फाइल पुन्हा सुरू झाली, किंवा पैसे घेऊन लिंका दिल्याचं कळलं, तर मग मुख्याध्यापक. तेव्हा हे आपण आधी बोललो होतो, असं त्याच्यासमोर म्हणता आलं पाहिजे. मुख्याध्यापकांना आत्ता नाव न घेता एवढं जरूर सांगा की प्रॉक्सीचा प्रश्न आहे आणि तो शाळेच्या खात्यांच्या सुरक्षेचा आहे. त्यांच्या कडकपणाला त्यातून योग्य काम मिळेल.

राहिली ती आई. तासाला गेम खेळणं आणि व्यसन यांत अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आहे. पण त्याची लक्षणं भारी आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या सगळ्या गोष्टींच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं, त्यापायी घर, शाळा, मैत्री यांचं ठळक नुकसान होणं, आणि हे साधारण निदान बारा महिने दिसणं. विज्ञानाच्या तासाला चोरून गाडी पळवणारं मूल यात बसेलच असं नाही.

तरी तिच्या रडण्याकडे दुर्लक्ष करू नका, ती घरी काय बघते ते तुम्हाला दिसत नाही. सभेनंतर तिला एकटीला फोन करा. रात्री झोप किती होते, मित्रांकडे जाणं-येणं आहे की सुटलं, पूर्वी आवडीने करायचा असं काही त्याने सोडलंय का, आणि गेम बंद करायला सांगितलं की नेमकं काय होतं, एवढं विचारा आणि ऐकून घ्या. उत्तरं काळजीची वाटली तर शाळेच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवा आणि पहिल्या भेटीची वेळ ठरवायला तुम्हीच मदत करा. पालकसभेत तो विषय पुन्हा सगळ्यांसमोर निघू देऊ नका. सभेतली बातमी वर्गापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कुणी त्या मुलाला 'व्यसनी' म्हणून चिडवायला लागलं असेल, तर लॅपटॉपच्या नियमाआधी ते थांबवा.